ड्रायव्हरमध्ये खालून आलेला एरर कोड वर जसाच्या तसा द्यावा, की बदलून?

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. मी एम्बेडेड लिनक्सवर ड्रायव्हर लिहिते, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) राहून हार्डवेअर चालवणारा कोड. टीममध्ये एका गोष्टीवरून वाद पेटलाय, म्हणून इथं विचारायलेय.

आमच्या बोर्डावर आय-टू-सी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या लाइनवर) एक सेन्सर आहे. त्याला वीज एका रेग्युलेटरमधून मिळते आणि त्या रेग्युलेटरचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून उशिरा लोड होतो. प्रोब फंक्शनमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइस ताब्यात घेतो ते) रेग्युलेटर मागितला की कधी कधी उणे ५१७ येतं, म्हणजे ईप्रोबडिफर. त्याच्याच खाली जुन्या कोडमध्ये एक ओळ आहे: काहीही चुकलं तरी ईनोडेव्ह (उणे १९, 'असं डिव्हाइसच नाही') परत करा. झालं, त्या बूटला सेन्सर गायब. बोर्ड बंद करून चालू केला की कधी दिसतो, कधी नाही. प्रॉडक्शनवाल्यांनी 'बोर्ड फॉल्टी' असा शिक्का मारून चांगले बोर्ड बाजूला काढून ठेवलेत.

आमच्या लीडचं म्हणणं: "वरच्या लेयरला खालच्या भानगडी कशाला? प्रोब झालं नाही म्हणजे डिव्हाइस नाही." माझं म्हणणं: कोड कशामुळं आला हे ज्याला माहीत नाही, त्यानं तो बदलू नये.

तुमच्याकडं काय पद्धत आहे? जसाच्या तसा कुठं द्यायचा आणि बदलायचा कुठं?

हिंगोली२४

ताई, आधी ते बाजूला काढलेले बोर्ड भंगारात जाण्यापासून वाचवा. वाद नंतर.

नंदीग्राम (नांदेड)

मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. तुमचं उदाहरण पुढच्या सत्रात वर्गात वापरणार, परवानगी असावी.

ईप्रोबडिफर हा 'चुकलं' असं सांगणारा कोडच नाही. 'मी आत्ता तयार नाही, मला लागणारं कुणीतरी अजून यायचंय, परत बोलवा' एवढाच त्याचा अर्थ. २०१२ मध्ये कर्नल ३.४ मध्ये ही सोय आली. हा कोड मिळाला की ड्रायव्हर कोअर त्या डिव्हाइसला थांबलेल्यांच्या यादीत टाकतो, आणि दुसरा कुठलाही ड्रायव्हर यशस्वी बसला की यादीतल्यांना पुन्हा संधी देतो. तुम्ही ५१७ चा १९ केला की नाव यादीत जातच नाही. रेग्युलेटर नंतर आला तरी सेन्सरला हाक मारायला कुणी येत नाही.

यात आणखी एक वाईट गोष्ट आहे. बाकीचे कोड परत केले तर कर्नल लॉगमध्ये प्रोब फेल झाल्याची ओळ छापतो. पण ईनोडेव्ह आणि ईएनएक्सआयओ (६) या दोघांना तो 'हा ड्रायव्हर या डिव्हाइसचा नव्हता' असं समजून गप्प बसतो. डीबग चालू असेल तरच ओळ दिसते. म्हणजे प्रॉडक्शनच्या पोरांनी डीमेसेज (कर्नलचा लॉग) कितीही चाळला तरी हाती काही लागायचं नाही. बोर्डावर संशय न घेऊन ते करतील काय?

खामनदी

सर, परवानगी कशाला, नक्की वापरा. आणि हो, लॉग कोराच होता! ते का, हे आज कळलं.

वाळूजवाला

मी ताईंच्या लीडची बाजू घेणार आहे, ५१७ सोडून. ते बदलणं चूकच.

पण 'जसाच्या तसा द्या' हा नियम म्हणून मला पटत नाही. आमच्याकडं एकच चिप एका मशीनवर आय-टू-सीनं जोडलेली आहे, दुसऱ्यावर एसपीआय नावाच्या वेगळ्या बसनं. ॲप लिहिणाऱ्या पोराला बस कोणती हे माहीत नसतं आणि नसावंच. खालचे कोड तसेच वर सोडले तर तो आय-टू-सीच्या कोडवर 'इफ' लिहून ठेवतो. उद्या बस बदलली की ॲप मोडलं. लेयर कशासाठी असतात मग?

आणि खुद्द कर्नलमध्येच हे आहे की. यूएसबीच्या हेडरमध्ये यूएसबी-ट्रान्सलेट-एरर्स नावाचं छोटं फंक्शन बघा. शून्य (यश), ईनोमेम (मेमरी नाही), ईनोडेव्ह आणि ईओपीनॉटसप (हे जमत नाही) एवढे चार तसेच सोडतं. बाकी सगळ्यांचा ईआयओ (५, मोघम 'इनपुट-आउटपुट फसलं').

धाराशिवची_लेक

माझे वडील तलाठी होते. गारपीट झाली की ते बांधावर जाऊन पंचनाम्यात गट नंबर, पीक, किती आर, नुकसान गारांनी की पुरानं, हे सगळं लिहायचे. वर जाता जाता त्याचं 'बाधित क्षेत्र' एवढंच उरायचं. मंत्रालयात तेवढंच पुरतं, मान्य. पण मधल्याच टेबलावर ते 'बाधित' झालं, तर भरपाई गारपिटीच्या नियमानं द्यायची की पुराच्या, हे ठरवणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. माझ्या मते वाळूजवाला दादा मंत्रालयाचं बोलायलेत आणि खामनदी ताई मधल्या टेबलाचं. दोघांचं भांडण एका जागेवर नाहीच.

परभणी_सेन्सर

जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् आमच्या डीमेसेजात फक्त ईआयओ.

धाराशिवच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन.

नंदीग्राम

धाराशिवच्या ताईंनी नेमकं बोट ठेवलं. वाळूजवाल्यांनी दिलेलं फंक्शन यूजर स्पेसकडं (ॲप चालतात त्या बाजूला) परत जाताना वापरायचं आहे. आत, यूएसबी ड्रायव्हर आणि होस्ट कंट्रोलरच्या मधे, यूआरबीच्या (यूएसबीवरच्या एका मागणीच्या) स्टेटसमध्ये बारीक फरक जपलेले असतात: स्टॉल झाला, म्हणजे डिव्हाइसचा एंडपॉइंट अडून बसला, तर ईपाइप (३२), सीआरसी (डेटा तपासायचा आकडा) जुळला नाही तर ईआयएलसेक (८४), यूआरबी आपणच रद्द केला तर ईनोएंट किंवा ईकॉनरिसेट. ड्रायव्हरला हा फरक लागतो. स्टॉल असेल तर एंडपॉइंटचा हॉल्ट काढून पुढं जायचं, रद्द केलेला असेल तर गुपचूप परत फिरायचं, त्याला एरर म्हणून छापायचंही नाही. या सगळ्याचा आधीच ईआयओ झाला असता तर ड्रायव्हरनं नेमकं काय केलं असतं?

आणि त्या फंक्शननं ईनोडेव्ह का वगळलाय तेही बघा. केबल उपटली गेली हे ॲपला कळलंच पाहिजे, कारण तिथं पुन्हा प्रयत्न करत बसण्यात अर्थ नाही.

सीमेवरच्या बदलाचं दुसरं उदाहरण आयओसीटीएलचं (ॲपनं ड्रायव्हरला द्यायची खास कमांड). ड्रायव्हरनं 'ही कमांड माझी नाही' म्हणून ५१५ दिला की व्हीएफएस (कर्नलमधला फाइलींचा थर) त्याचा ईनॉटटीवाय (२५) करून ॲपला देतं. ५१२ पासून पुढचे हे कोड कर्नलच्या घरातले आहेत, उंबऱ्याबाहेर जायला नकोत असं हेडरमध्येच लिहिलंय.

मांजराकाठ (लातूर)

धागा वाचून एक शंका विचारतो, विषय थोडा वेगळा वाटेल.

धान्याच्या गोदामात तापमान बघायला सिस्टिम बसवली आहे. प्रत्येक खांबाला आय-टू-सी सेन्सर, मधे लिनक्सचा छोटा बोर्ड. ड्रायव्हर सप्लायरनं दिलेला आहे, सोर्ससहित. तापमान ३१, ३२, ३१ असं नीट चालतं आणि मधूनच एकदम २५०. पुढच्या रीडिंगला परत ३१. २५० आलं की भोंगा वाजतो, राखणदार पळत येतो, पोत्यांना हात लावून बघतो तर सगळं थंड. सप्लायर म्हणतो सेन्सर ओले झालेत, बदला. सेन्सर बदलले. तरी २५०. कधीच २४९ नाही, २५१ नाही. बरोब्बर २५०.

हिंगोली२४

२५० ला तुरीची डाळ गोदामातच शिजली असती, भाऊ.

खामनदी

मांजराकाठ भाऊ, सोर्समध्ये बघा: रीड करणाऱ्या फंक्शनची परत आलेली किंमत कुठल्या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली आहे? यू-एट (आठ बिटांचा अनसाइन्ड, म्हणजे उणे न घेणारा) आहे का?

एसएमबसचं (आय-टू-सीवरच चालणारी पद्धत) बाइट वाचणारं फंक्शन पूर्ण इंट परत करतं. नीट झालं तर ० ते २५५ मधली किंमत, बिघडलं तर उणे कोड. चिपनं पत्त्याला ॲक (पोच) दिला नाही की बरेच कंट्रोलर उणे ६ देतात, ईएनएक्सआयओ. ते उणे ६ आठ बिटांच्या अनसाइन्ड डब्यात कोंबलं की उरतं २५६ वजा ६. म्हणजे २५०.

त्या क्षणी सेन्सरनं उत्तरच दिलेलं नाही, आणि 'उत्तर नाही' हेच तुमच्याकडं तापमान म्हणून छापलं जायलंय.

मांजराकाठ

यू-एट आहे!! 'यू-एट टेंप' असंच लिहिलंय, आणि खाली शून्यापेक्षा कमी आहे का अशी तपासणी पण आहे.

खामनदी

ती तपासणी कधीच खरी होणार नाही. अनसाइन्ड किंमत शून्याच्या खाली जातच नाही. कंपायलरच्या वॉर्निंग चालू केल्या असत्या तर त्यानंच सांगितलं असतं. इंटमध्ये घ्या, उणे असेल तर तसाच वर परत करा, नसेल तरच तापमान समजा.

आणि तपासणीशिवाय साइन्ड आठ बिटांत घेतलं असतं तर उणे ६ अंश दिसलं असतं. लातुरात उणे सहा म्हटल्यावर कुणाला तरी पहिल्याच दिवशी शंका आली असती.

परभणी_सेन्सर

काय पकडलं ताई! मी आमचे जुने लॉग उघडायलो. ज्यांच्याकडं ८ बिटांची रीडिंग आहेत त्यांनी २५०, २५१ आणि १४६ शोधा. २५१ म्हणजे ईआयओ, १४६ म्हणजे टाइमआउट (११०).

वाळूजवाला

गोदामाचा प्रश्न भारी निघाला. पण यात माझाही मुद्दा आहे. नॅक आला (ॲक मिळाला नाही) म्हणजे नेहमी बिघाडच असं नाही. २४ सिरीजच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी डेटा राखणारी चिप) लिहिलं की चिप काही मिलिसेकंद आतल्या कामात असते, तेवढा वेळ ती ॲक देत नाही. डेटाशीटमध्येच सांगितलंय, विचारत राहा. म्हणजे तिथं उणे ६ चा अर्थ 'थांब' असा होतो. हे बस ड्रायव्हरला माहीत नसतं, ईईप्रॉमच्या ड्रायव्हरला माहीत असतं. वरच्याला जास्त कळतं अशी ही जागा.

दुसरी जागा एसपीआय. तिथं ॲक नावाचा प्रकारच नाही. चिप उपटून ठेवली तरी ट्रान्स्फर यशस्वी, वाचलं की सगळे शून्य नाहीतर सगळे एक. खालून शून्य एरर येणार. म्हणून चिपचा आयडी रजिस्टर वाचायचा, जुळला नाही तर ड्रायव्हरनं स्वतः ईनोडेव्ह द्यायचा. तिथं ईनोडेव्ह खरा आहे, कारण आपण बघून सांगायलो.

खामनदी

दादा, या दोन्ही जागा मला तंतोतंत मान्य आहेत. ईईप्रॉमच्या ड्रायव्हरला पुन्हा विचारायचं हे ठरवता आलं, कारण खालच्यानं त्याला नॅक हा नॅक म्हणून दिला. बस ड्रायव्हरनं सगळ्याचा ईआयओ केला असता तर वरच्याला जास्त कळून उपयोग काय होता? कर्नलच्या आय-टू-सी डॉक्युमेंटेशनमध्ये कोडची यादीच आहे. आर्बिट्रेशन (बस कुणाला मिळणार ही चढाओढ) हरलो तर ईअगेन, पत्त्याला उत्तर नाही तर ईएनएक्सआयओ, पीईसी (तपासणीचा बाइट) चुकला तर ईबॅडमेसेज. आणि ईआयओपुढं लिहिलंय की हा मोघम आहे, जमेल तिथं नेमका वापरा.

पोलादी_जालना

आम्ही रोलिंग मिलवाले, कर्नलमध्ये डोकं घालत नाही. पण मॉडबसमध्ये (कारखान्यातल्या उपकरणांशी बोलायची पद्धत) हेच रोज बघतो. इथरनेटचा गेटवे आणि त्याच्या मागं आरएस-४८५ वर मीटर. एक्सेप्शन कोड ४ आला तर मीटर स्वतः सांगतो की माझ्यात बिघाड. १० आला तर गेटवे म्हणतो मला वाटच मिळाली नाही, माझी सेटिंग बघा. ११ आला तर गेटवे म्हणतो मी ठीक आहे, मागचा बोलत नाही. तिघांना तीन वेगळी माणसं पाठवायची असतात.

आमच्याकडं एका स्काडावाल्यानं (प्लांटचा देखरेखीचा स्क्रीन बनवणाऱ्यानं) तिन्हीला 'कम्युनिकेशन एरर' हा एकच मेसेज लावून दिला होता. भट्टी चालू असताना इलेक्ट्रिशियन मीटर उघडायला जायचा आणि गेटवेचा ॲडॉप्टर गेलेला असायचा. मूळ कोड कंसात छापायला लावला, वणवण संपली.

वाळूजवाला

विंडोजमध्येही याचा त्रास आहे. तिथं आयआरपी (ड्रायव्हरकडं जाणारी मागणी) खाली जातो आणि प्रत्येक थराच्या कम्प्लिशन रूटीनमधून वर येतो, सोबत ३२ बिटांचा एनटी-स्टेटस. वरचे दोन बिट गांभीर्य सांगतात, मधे फॅसिलिटी, म्हणजे कुणाकडून आलं, मग कोड. रचना उत्तम. पण कुणी आळसानं स्टेटस-अनसक्सेसफुल टाकला की विन३२ मध्ये (ॲपच्या बाजूला) त्याचा होतो ३१, म्हणजे 'जोडलेलं उपकरण काम करत नाही'. तो ३१ बघून आजपर्यंत कुणाला काही उमगलेलं मी पाहिलं नाही.

बालाघाट (बीड)

थोडं अवांतर, पण याच घरातलं. मी डेटाबेस सांभाळतो. नुसता कोड बरोबर असून भागत नाही, तो ज्याच्यापर्यंत पोचायला हवा त्याच्यापर्यंत पोचला का, हेही बघा.

डिस्कवर लिहिताना एरर आली. लिहायला सांगणाऱ्या प्रोग्रामचा 'राइट' कधीच यशस्वी होऊन गेलेला असतो, कारण डेटा नुसता पेज कॅशमध्ये (मेमरीत) गेला होता. मग ती एरर सांगायची कुणाला? एफसिंक करेल, म्हणजे 'डेटा खरंच डिस्कवर टाक' असं सांगेल, त्याला. पूर्वी लिनक्समध्ये त्यासाठी फाइलवर एकच खूण असायची. जो पहिला विचारेल त्याला एरर मिळायची आणि खूण पुसली जायची. दुसऱ्याला सगळं आलबेल. २०१७ मध्ये ४.१३ कर्नलात एररसेक आलं, तेव्हापासून फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती एकदा तरी कळते.

पण एकदाच. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या हे लक्षात आलं तेव्हा मोठी खळबळ झाली. एफसिंक फेल झालं म्हणून त्यांचा कोड पुन्हा एफसिंक करायचा आणि दुसऱ्यांदा यश यायचं. पण ती पेजेस तोवर स्वच्छ मानली गेलेली, डेटा डिस्कवर गेलेलाच नाही. फेब्रुवारी २०१९ च्या रिलीजपासून पोस्टग्रेस एफसिंक फेल झाल्यावर सरळ पॅनिक करतो (स्वतःला बंद पाडतो) आणि लॉगवरून रिकव्हरी करतो. 'पुन्हा प्रयत्न कर' हे प्रत्येक एररला लागू नसतं, हे माझ्या पोटात तेव्हापासून बसलंय.

हिंगोली२४

बालाघाट दादा, बॅकअप तपासायला उठलो, जेवण अर्धं सोडून.

नंदीग्राम

बालाघाट, सुंदर लिहिलंत.

खामनदी ताई, तुमच्या रिव्ह्यूसाठी आणखी दोन गोष्टी. पहिली, एरर झाल्यावर मागं आवरताना मूळ कोड पुसला जातो. रजिस्टर लिहिणं फसलं, 'रेट'मध्ये (परत द्यायचा कोड ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये) उणे ११० आहे. मग आवरायला रेग्युलेटर बंद करता आणि त्याचंही उत्तर त्याच 'रेट'मध्ये घेता. बंद नीट झाला, शून्य आलं, आणि प्रोब शून्य घेऊन परत गेलं. अर्धवट उघडं डिव्हाइस, वर 'यशस्वी'चा शेरा. आवरतानाच्या एररला वेगळा डबा ठेवा, हवं तर छापा, पण पहिला कोड हलवू नका.

दुसरी, छापायचं कुणी? प्रत्येक लेयरनं एक एक ओळ टाकली की एका नॅकच्या पाच ओळी होतात. ज्याला संदर्भ माहीत आहे, म्हणजे कोणता रजिस्टर, कोणता सप्लाय, त्यानं एकदाच छापावं आणि कोड वर द्यावा. २०२० च्या ५.९ कर्नलपासून त्यासाठी डेव्ह-एरर-प्रोब हे फंक्शन आहे. तो कोड ५१७ असेल तर आरडाओरडा करत नाही, कारण लिहून ठेवतो. इतर कोड असेल तर एरर छापतो. आणि दोन्ही वेळा तोच कोड परत करतो. ते कारण डीबग-एफएसमधल्या (कर्नलच्या आतलं दाखवणाऱ्या फाइलींमधल्या) डिव्हायसेस-डिफर्ड फाइलमध्ये वाचायला मिळतं.

वाळूजवाला

हे पटलं. माझं मत थोडं सरकलं म्हणा: बदल एकदाच, तोही ॲपच्या दारात, आणि मूळ कोड लॉगमध्ये राहिला पाहिजे. मधल्या लेयरनं फक्त तेव्हाच बदलावा जेव्हा तो ईईप्रॉमसारखं काही जाणतो.

खामनदी

मंडळी, आज लीडसोबत बसले. वाद न घालता ती डिव्हायसेस-डिफर्ड फाइल उघडून दाखवली. पॅचनंतर आमच्या सेन्सरचं नाव, पुढं 'सप्लाय मिळाला नाही' आणि सप्लायचं नाव. रेग्युलेटरचं मॉड्यूल लोड केलं, यादी रिकामी, सेन्सर हजर. लीड दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "हेच बाकीच्या ड्रायव्हरमध्ये पण करून टाक." बाजूला काढलेले बोर्ड नव्या इमेजवर चढवायला घेतलेत, आतापर्यंत सगळे चालले.

एक शंका उरली. आमच्या एका ड्रायव्हरमध्ये न जमणाऱ्या सेटिंगसाठी ईनॉटसप दिलाय आणि ॲपमध्ये 'अननोन एरर ५२४' दिसतं. हा ५१२ च्या पुढचा, म्हणजे बाहेर जायलाच नको होता ना?

नंदीग्राम

बरोबर. तिथं ईओपीनॉटसप (९५) द्या. नावं सारखी दिसतात म्हणून बरेच जण फसतात. चेकपॅच (कर्नलचा कोड तपासणारी स्क्रिप्ट) चालवलंत तर तोही हेच सुचवेल.

मांजराकाठ

इंट केलं, २५० गेलं, भोंगा गप्प. आता लॉगमध्ये उणे ६ दिसायलंय, आणि ते एकाच खांबाचं आहे, दारापासून सगळ्यात लांबच्या. सेन्सर नवा आहे तिथला. केबल बदलू का?

पोलादी_जालना

किती लांब आहे केबल? आय-टू-सी मुळात बोर्डावरच्या अंतरासाठी आहे, बसची कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत लागते. गोदामभर ओढली असेल तर नवी केबल पण तेच करणार. मधे बस एक्सटेंडर टाका नाहीतर त्या खांबाला आरएस-४८५ वाला सेन्सर लावा.

खामनदी

आणि उघडायच्या आधी लॉगमध्ये उणे ११० पण आहे का बघा, भाऊ. नुसता ६ असेल तर तो सेन्सर ऐकत नाही एवढंच. ११० सोबत असेल आणि त्या वेळी बाकीचे खांबही गप्प होत असतील, तर कुणीतरी डेटा लाइन खाली धरून बसलंय. मग नऊ क्लॉक देऊन बस सोडवावी लागते, ती सोय तुमच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये आहे का ते तपासू. लॉग इथंच टाका, उद्या संध्याकाळी बघते.